चढाईला शिट्ट्या, पण पकड शिकवणार कोण?

परवा तलासरीजवळच्या एका पाड्यावर रात्रीचे कबड्डीचे सामने पाहत होतो. सेमीफायनल. यजमान संघ चार गुणांनी पुढे, शेवटची दोन मिनिटं. समोरचा रेडर आला आणि डाव्या कोपऱ्यातल्या पोराने एकट्यानेच घोट्यावर झेप घेतली. पाय सुटला. कव्हरचा गडी आपली जागा सोडून धावला, तोही बाद. मधल्याला नुसता हात लागला. एका चढाईत तीन गुण! पुढच्या दोन चढायांत लोण बसला आणि सामना गेला.

बाजूचे काका म्हणाले, "नशीब नाय रे पोरांचं." मी म्हणतो, नशिबाचा काय संबंध? पोरांना बचाव कोणी शिकवलाच नाही.

पकड म्हणजे नुसती ताकद नाही. सात जणांनी मैदान वाटून घ्यायचं असतं. कोपरारक्षकाने रेडरला आत येऊ द्यायचं. कव्हरने त्याच्या पायांकडे नाही, कमरेकडे बघायचं, कारण पाय फसवतात, कमर फसवत नाही. कोपऱ्याने पाय धरला की त्याच क्षणी कव्हरने मध्यरेषेकडची वाट बंद करायची. तोवर प्रत्येकाने आपला पट्टा धरून ठेवायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळ्यात मागे 'सेफ्टी' नावाचा खेळाडू असतो. झोन पद्धतीत तोही माणसामागे पळत नाही, नजर चेंडू फेकणाऱ्यावर ठेवून आपली जागा राखतो. खेळ वेगळा, अक्कल तीच.

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली आणि १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला. तेव्हापासून पोरं मोबाईलवर रेडरच्या उड्या बघून शिकतात. पण विशाल माने, गिरीश एर्नाक ही महाराष्ट्राची पोरं मोठी झाली ती पकडीवरच, हे त्यांना कोण सांगणार?

हा फक्त हार-जितीचा प्रश्न नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदकापर्यंत पोचणाऱ्यांना. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांतल्या पोरापोरींत चपळाई आहे, दम आहे. बचावाची शिस्त नसली तर निवड चाचणीतूनच परत यावं लागतं. वर मुरमाड मैदानावर चुकीची झेप घेऊन गुडघा गेला, तर शेतातलं कामही बंद.

म्हणून आयोजकांना हात जोडून सांगणं आहे. बॅनर आणि साऊंडचा खर्च थोडा कमी करा. त्या पैशात स्पर्धेआधी आठ दिवस एक जाणकार प्रशिक्षक बोलवा, फक्त बचावासाठी. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस उत्कृष्ट चढाईइतकंच ठेवा. आणि डहाणूच्या प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांआधी असंच शिबिर घ्यावं.

तुमच्या गावात पकड कोण शिकवतं? खाली लिहा. कोणी जुना खेळाडू असेल तर त्याला टॅग करा.