जातोयस की पळतोयस?

कागद आलेत. माझा, बायकोचा आणि आठ वर्षांच्या पोरीचा असे तीन पासपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवलीय. कॅनडा. कायमचं. गल्लीतल्या पोरांनी पार्टी मागितली, ऑफिसातल्यांनी पेढे मागितले. आईनं काही मागितलं नाही. तिनं एवढंच विचारलं, 'तिथं तरी कुणी विचारणार नाय ना रं?' काय विचारणार नाही ते तिनं सांगितलं नाही. मला ते विचारावं लागलं नाही.

त्या दिवसापासून डोक्याला भुंगा लागलाय. म्हणून हे लिहितोय. इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावलेल्या, एजंटच्या दारात फाईल घेऊन बसलेल्या आपल्या पोरांसाठी लिहितोय. आणि चौकात उभं राहून त्या पोरांना गद्दार म्हणणाऱ्यांसाठीही.

पहिल्यांदा देशभक्तांचा हिशेब मिटवून टाकू. 'देश सोडून चाललास? सरकारी पैशानं शिकलास, सवलती खाल्ल्यास, आता देशाचं देणं कोण फेडणार?' हे विचारणारा साहेब आमच्याच मजल्यावर बसतो. त्याची दोन्ही पोरं अमेरिकेत. तीही सरकारी कॉलेजातच शिकली. त्यांना देणं नाही, कारण त्यांची ती बुद्धिमत्ता, आणि आमची ती सवलत. कुठलं देणं, साहेब? तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याचं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मारली, त्याचं? २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीचं? हातानं मैला उपसण्याविरुद्धचा नवा कायदा २०१३ ला झाला, तरी गटारात माणूस उतरतोच आणि मरतोच, आणि तो कुणाचा असतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. देणं आम्ही फेडून बसलोय. जाणाऱ्या पोरानं देशभक्तीच्या नावानं एक मिनिट लाज बाळगू नये.

देशभक्त संपले. आता आपण. हे अवघड आहे.

आपल्या प्रत्येक पोराच्या तोंडात एक वाक्य तयार असतं : 'बाबासाहेब नव्हते का गेले?' गेले होते. १९१३ ला गेले. सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, तीन वर्षांसाठी. रमाई आणि घर मागं ठेवून गेले. १९१७ ला परत आले आणि करारापोटी बडोद्यात नोकरीला हजर झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि एका सकाळी पारशांचा जमाव काठ्या घेऊन दारात आला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही गोष्टच मनातून पुसून टाकली होती. स्टेशनावर उतरल्या उतरल्या ती परत आठवली.

आता बघा. एवढं सोसलेला माणूस १९२० ला पुन्हा लंडनला गेला. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन, उसनवारी करून गेला. १९२३ ला पदव्या घेऊन आला आणि दुसऱ्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. तिकडं राहायला त्यांना कुणी हाकललं नव्हतं. आपण काय करतो? त्यांचं जायचं तिकीट सगळ्यांना दाखवतो आणि परतीचं गुपचूप फाडून टाकतो.

मी असं म्हणत नाही की परत आलंच पाहिजे. एका माणसाच्या आयुष्याचा नियम सगळ्यांना लावायचा म्हणजे ती पोथी झाली, आणि पोथ्या आपण जाळलेल्या आहेत. मी एवढंच म्हणतो की बाबासाहेबांच्या नावानं पळू नका. पळायचं तर स्वतःच्या नावानं पळा.

'पण तिथं जात नाय, भाऊ.' कोण म्हणतं? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेत बसून १९०९ ला जातीवर पुस्तक लिहिलं. हिंदू जगात जिथं जातील तिथं जातीचा प्रश्न घेऊन जातील, हा इशारा त्यात होता. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियातल्या आपल्या निबंधात तो मुद्दाम उचलला. शंभरच्या वर वर्षं झाली. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिलिकॉन व्हॅलीतल्या एका बड्या कंपनीवर फिर्याद केली : आपल्यातल्या एका इंजिनिअरला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागवलं, हा आरोप. त्या दोन वरिष्ठांवरचा दावा खात्यानं २०२३ ला मागं घेतला, पण प्रश्न मागं घेता आला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसाच कायदा नकाराधिकार वापरून अडवला. इंग्लंडच्या पार्लमेंटनं २०१३ ला जात कायद्यात घाला म्हणून सांगितलं, २०१८ ला तिथल्या सरकारनं हात झटकले. आणि माझा तो कॅनडा? ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाला २०२३ ला जातिभेदावर धोरण जाहीर करावं लागलं. रोग नसलेल्या घरात औषधाची बाटली आणतात का?

जात विमानात बसताना वजन होत नाही, कस्टमवाल्याला सापडत नाही. ती माणसाच्या प्रश्नात असते. 'मूळ गाव कुठलं?' 'पूर्ण नाव काय?' 'तुमच्याकडं गणपती बसतो का?' टोरांटोच्या बर्फात उभं राहून विचारलेला हा प्रश्न आणि तालुक्याच्या एस. टी. स्टँडवर विचारलेला प्रश्न, दोघांची आई एकच.

आता गुणांचा बाजार. कॅनडा माणसाला मार्क देतो. वयाला २९ पर्यंत पुरते, तिशीनंतर वर्षागणिक कमी, ४५ ला शून्य. इंग्रजीला मार्क, डिग्रीला मार्क, अनुभवाला मार्क. इथं जन्माला मार्क होते, तिथं वयाला आहेत, चला, एवढा तरी फरक आहे. पण पुढं वाचा. लग्न झालेल्या मुख्य अर्जदाराला मूळ गुणांत ४६० पर्यंत मिळतात आणि जोडीदाराला फार तर ४०. माझी बायको म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, बारा वर्षं. आमच्या घरातली पहिली पक्की नोकरी तिची, माझी नाही. मी हौसेनं तिला तक्ता दाखवला. ती म्हणाली, 'म्हंजे मी चाळीस मार्कांची.' तिकडं नर्स म्हणून उभं राहायचं तर नोंदणी पुन्हा, परीक्षा पुन्हा, आणि तोवर दुसऱ्याच्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायचं. 'आपल्या आयांनी ह्याच कामातनं बाहेर पडायला आपल्याला शिकवलं ना?' तिनं विचारलं. मी गप्प. चळवळीतला मी, स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा मी, अर्ज भरताना तिला विचारलंच नव्हतं. सही घेतली होती फक्त.

आणि आई? आईला त्या अर्जात रकानाच नाही.

ह्याच्यावर कुणी म्हणेल, आपण आधी गाव सोडलंच की. बाबासाहेबांनीच सांगितलं, गाव सोडा, शहरात या. आता शहर सोडायचं, त्यात काय? मीही तसंच म्हणायचो. पण माझा आजा मुंबईला कसा आला ते आठवा. तो एकटा नाही आला. त्याच्या मागं भाऊ, भावकी, अर्धा महारवाडा आला. बी. डी. डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-आठ दहा-दहा माणसं राहिली. जात गिरणीतही आधीच येऊन बसली होती. विणखात्यात कांडीवरचा धागा तुटला की तो धोट्यातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आमची थुंकी चालत नव्हती, म्हणून चांगल्या पगाराचं ते खातं आम्हाला बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. पण गिरणीत जात असली तरी चाळीत आम्ही होतो. दाटीवाटीनं होतो, म्हणून वाचनालय झालं, विहार झालं, रात्रशाळा झाली. १९७२ ला पँथर त्याच दाटीतून निघाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळी पेटली तेव्हा तीच दाटी लढली. शहरानं आम्हाला मोकळं केलं नाही, शहरात एकत्र राहण्यानं केलं.

व्हिसा हे एकत्र राहणं मोडतो. तो मार्क बघून एकेक माणूस वेचतो. एक नवरा, एक बायको, एक पोर. दाटीतून उचलून अशा वस्तीत नेऊन ठेवतो जिथं आजूबाजूचे सगळे 'आपले लोक' म्हणजे नेमके ते, ज्यांच्यापासून आपण निघालो.

पण हेही खरं आहे की तिकडंही दाटी उभी राहते. पन्नास-साठच्या दशकात पंजाबातले आपले बांधव इंग्लंडच्या ओतकाम कारखान्यांत गेले. जाटांच्या गुरुद्वारात मान मिळेना तेव्हा त्यांनी रविदासांच्या नावानं स्वतःच्या सभा उभ्या केल्या, बाबासाहेबांच्या नावानं संघटना काढल्या. कायद्यात जात घाला म्हणून वर्षानुवर्षं भांडणारे हेच. सिएटलच्या सभागृहात आपली जात सांगून साक्ष देणारी पोरं-पोरीही हीच. म्हणजे प्रश्न समुद्राच्या अलीकडं की पलीकडं, हा नाहीच. नाव सांगून राहणार की नाव गिळून, हा आहे.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्याला शिव्या घालून स्वतः सुटणं हा भटी धंदा आहे.

पोरगी शाळेतून आली आणि म्हणाली, 'पप्पा, आपण कोण?' मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्या घरातल्या बाईनं हिला विचारलं होतं. मी, भीमजयंतीच्या मिरवणुकीत घसा फोडणारा, पोरीला म्हणालो, 'आपण मुंबईचे.' ती बिचारी खूश झाली. मी त्याच आठवड्यात एजंटकडं गेलो. आणि आणखी एक काम केलं. राजपत्रात नाव बदलायचा अर्ज भरून ठेवला. आमचं आडनाव ऐकलं की ओळखणाऱ्याला कळतं. त्याच्या जागी गावाच्या नावाला 'कर' लावलेलं एक गुळगुळीत आडनाव घ्यायचं, मग पासपोर्ट बदलायचा आणि मग जायचं. तो अर्ज बायकोला पिशवीत सापडला. ती ओरडली नाही. म्हणाली, 'तुझ्या बापानं ब्याऐंशीच्या संपात नोकरी घालवली, पण नाव नाय घालवलं.'

तेव्हा कळलं. मी जात नव्हतो, मी पळत होतो. व्हिसा यायच्या आधीच पळत होतो, पोरीच्या प्रश्नापासून, माझ्याच घरात, पंख्याखाली बसून.

बडोद्यात बाबासाहेबांनाही नाव बदलावं लागलं म्हणाल. हो. डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हा. नंतर त्यांनी काय केलं? ती लाज लिहून जगापुढं ठेवली. मी ती पोरीच्या दप्तरात लपवायला निघालो होतो.

सरकारलाही आपण असंच हवं असतो, हे विसरू नका. परदेशी शिक्षणाच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला २०२२ मध्ये नियम घातला : भारतीय संस्कृती, इतिहास, भारतीय समाज ह्यांवरच्या संशोधनाला पैसे नाहीत. दलितानं परदेशात जावं, पण जातीचा अभ्यास करू नये. १९१६ चा कोलंबियातला तो निबंध आज ह्या नियमात बसला नसता. म्हणजे मुका होऊन जाणाऱ्याला दार उघडं.

चळवळीतल्या दादांनो, तुम्हालाही दोन शब्द. जाणाऱ्याला गद्दार म्हणणं सोपं आहे. १९७२ ला निघालेली पँथर दोन वर्षांत फुटली, रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. बत्तीस वर्षांचा इंजिनिअर पोरगा जेव्हा भाड्याच्या घरासाठी हिंडतो आणि आडनाव ऐकून दार लागतं, तेव्हा तुमच्यातला किती जणांचा फोन लागतो? त्याला थांबवायचं असेल तर थांबण्यासारखं काहीतरी उभं करा. नुसत्या शिव्यांनी कुणी थांबत नसतं.

मी काय ठरवलं? नाव बदलायचा अर्ज फाडला. पासपोर्ट फाडला नाही, तो शुद्ध नाटकीपणा झाला असता. व्हिसाची मुदत आहे, तोवर बायको ठरवेल आणि मी ऐकेन. ती नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर जाऊ, पण ह्याच आडनावानं, पोरीला सगळं सांगून, तिकडच्या आपल्या लोकांचा पत्ता आधी खिशात घेऊन.

त्या रविवारी पोरीला जवळ बसवलं आणि आपण कोण ते सांगितलं. महाड सांगितलं, गिरणीतला धागा सांगितला, आजोबांचा संप सांगितला. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, 'मग त्या काकूंना हे सांगू?'

सांग म्हणालो. जिथं असशील तिथं सांग.

जयभीम.