समुद्राच्या तळाशी लागलेली शर्यत



आपलं भोपाळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. शिवाजी नगरातल्या मुलांना भरपूर पाणी म्हटलं की आधी बडा तालाबच आठवतो. तरीही या वेळचा विषय समुद्राचा आहे, आणि तो आपल्या घरच्या तरुण मंडळींसाठी मुद्दाम निवडला आहे. कुठलं लढाऊ विमान किती वेगानं उडतं, त्यावर कोणतं क्षेपणास्त्र बसतं, हे या मुलांना तोंडपाठ असतं. पण तेच विमान समुद्रात पडलं तर पुढे काय होतं? ते तिथेच सोडून देतात, की कुणी जाऊन वर काढतं? आणि काढायचं, तर एवढी घाई कशासाठी?

सदतीस दिवसांची धावपळ

२४ जानेवारी २०२२ ची गोष्ट. दक्षिण चीन समुद्रात अमेरिकेच्या 'कार्ल विन्सन' या विमानवाहू जहाजावर एफ-३५सी जातीचं विमान उतरत होतं. ते डेकवर आपटलं आणि घसरत थेट समुद्रात गेलं. वैमानिक वेळेत बाहेर पडला, सात जण जखमी झाले. सुमारे १० कोटी डॉलर किमतीचं ते विमान मात्र जवळजवळ ३,७८० मीटर खोल तळाशी जाऊन बसलं.

आता जागा बघा. याच समुद्राच्या फार मोठ्या भागावर चीन हक्क सांगतो. आम्हाला त्या विमानात रस नाही, असं चीननं जाहीर केलं खरं, पण अमेरिकेनं त्या शब्दावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. खास जहाज आणलं, दोरीला बांधलेलं यंत्रमानवासारखं वाहन तळापर्यंत सोडलं, विमानाला दोर अडकवले आणि क्रेननं ते वर ओढून घेतलं. तारीख होती २ मार्च. म्हणजे विमान पडल्यापासून ३७ दिवस.

बुडून मोडलेल्या विमानाचं एवढं काय, असं वाटेल. पण तुटलेलं विमानही पुष्कळ काही सांगतं. रडारला दिसू नये म्हणून त्याच्या अंगावर दिलेला लेप कशाचा आहे, इंजिनाची पाती कोणत्या धातूची आहेत, रडार कसं बांधलं आहे, हे सगळं हातात तुकडा आला की तपासता येतं. ज्या संशोधनाला वीस-पंचवीस वर्षं लागली, त्याचा सुगावा समोरच्याला फुकटात लागतो.

म्हणूनच ही शर्यत नवी नाही. सप्टेंबर १९७६ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला अमेरिकेचं एफ-१४ विमान असंच जहाजावरून घरंगळून समुद्रात पडलं. त्याच्यावर त्या काळचं अतिशय गुप्त असं 'फिनिक्स' क्षेपणास्त्र होतं आणि रशियन जहाजं आसपास वावरत होती. अमेरिकेनं एक छोटी अणुपाणबुडी शोधाला लावली आणि नोव्हेंबरपर्यंत विमान आणि क्षेपणास्त्र दोन्ही पाचशे मीटरहून जास्त खोलीवरून बाहेर काढलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचं एफ-३५बी भूमध्य समुद्रात पडलं, तेही काही आठवड्यांतच वर आणलं गेलं. त्या अपघाताचं कारण ऐकून हसावं की रडावं कळत नाही. इंजिनाच्या तोंडावर बसवलेलं झाकण उड्डाणापूर्वी काढायचंच राहून गेलं होतं!

जेव्हा दुसरेच आधी पोचले

आता उलट उदाहरण, आणि तेही समुद्रातलं नाही, तळ्यातलं.

६ एप्रिल १९६६. बर्लिन शहर तेव्हा वाटलं गेलेलं होतं. रशियाचं याक-२८ हे नवं लढाऊ विमान शहरावर असताना बिघडलं. आत दोघे होते, कॅप्टन बोरिस कापुस्तिन आणि लेफ्टनंट युरी यानोव. खाली दाट वस्ती होती. दोघांनी उड्या न मारता विमान वस्तीपासून दूर नेलं आणि ते एका तळ्यात कोसळलं. दोघेही गेले.

ते तळं ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागात होतं. रशियन सैनिक काठावर येऊन उभे राहिले, आमचं विमान आम्हाला काढू द्या म्हणाले. ब्रिटिशांनी नकार दिला. त्यांच्या पाणबुड्यांनी दोन्ही वैमानिकांचे देह काढून सन्मानानं रशियनांच्या स्वाधीन केले. पण त्याच वेळी पाण्याखाली इंजिनं आणि रडारही सुटी केली, गुपचूप तपासली, आणि मग अवशेष परत दिले. रशियनांच्या डोळ्यांदेखत त्यांचं गुपित गेलं.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण पाण्यात पडलेल्या प्रत्येक लष्करी विमानाबरोबर दोन गोष्टी बुडतात हे तिच्यात स्पष्ट दिसतं. एक देशाचं गुपित आणि दुसरी कुणाच्या तरी घरातली माणसं. पहिल्या गोष्टीच्या मागे शत्रू लागलेला असतो. दुसऱ्या गोष्टीच्या मागे कुणीच लागलेलं नसतं, तिथे शर्यत फक्त काळाशी असते.

अंधारात शोधायचं कसं?

समुद्रात शोध घेणं इतकं अवघड का, ते आधी समजून घेऊ. आपण मोबाइलवर जे जीपीएस वापरतो ते पाण्याखाली चालत नाही, कारण रेडिओ लहरी पाण्यात लगेच विरून जातात. प्रकाश काहीशे मीटरच्या पुढे पोचत नाही. तिथे एकच गोष्ट दूरवर जाते, ती म्हणजे आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगानं जातो, म्हणजे हवेपेक्षा चौपटीहून जास्त. म्हणून जहाजावरून आवाज सोडायचा, तळावर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून तळाचं चित्र काढायचं. हेच सोनार.

त्यातून दाब. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. ३,४०० मीटर खोलीवर तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण ३४० किलोंचा भार येतो. गव्हाची पन्नास किलोंची सात पोती नखावर ठेवल्यासारखं! तिथे पाणबुडा जाऊच शकत नाही, यंत्रच पाठवावं लागतं.

म्हणून बुडालेल्या विमानानं स्वतः हाक मारली तर फार बरं. त्यासाठी बीकन नावाचं छोटंसं उपकरण असतं. पाण्यात पडलं की ते आपोआप सुरू होतं आणि दर सेकंदाला एक बारीक 'टिक' करत राहतं. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही, पण सोनारला येते. तिची बॅटरी साधारण ३० दिवस चालते, नव्या प्रकारात ९० दिवस. बॅटरी संपली की समुद्र पुन्हा मुका.

एकच समुद्र, दोन विमानं

आता आपल्या देशाकडे वळू. ८ जून २०१५ ला तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत नाहीसं झालं. आत तिघे होते. नौदल आणि तटरक्षक दलाची जहाजं शोधाला लागली. आपल्या 'सिंधुध्वज' या पाणबुडीला बीकनची टिकटिक ऐकू आली. मग समुद्रातल्या तेल-वायूच्या कामासाठी असलेलं 'ऑलिंपिक कॅन्यन' हे खासगी जहाज मदतीला आलं आणि जुलैमध्ये, अवघ्या महिनाभरात, ९५० मीटर खोलीवरून ब्लॅक बॉक्स हाती लागला.

त्यानंतर साधारण वर्षभरानं, २२ जुलै २०१६ ला, वायुसेनेचं एएन-३२ सकाळी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं. आत २९ जण होते. साडेआठला उड्डाण, सव्वानऊच्या आधीच रडारवरून गायब. समुद्र तोच, बंगालचा उपसागर. शोध घेणारेही तेच. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर दुसऱ्याच दिवशी चेन्नईला पोचले आणि विमानातून शोधकामाची पाहणी करून आले. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळं लावलं. पण या विमानावर पाण्याखाली हाक मारणारा बीकन नव्हता. आठवडे गेले, काहीच मिळालं नाही. सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मृत मानल्याचं कुटुंबांना कळवण्यात आलं.

त्या २९ जणांत पुण्याजवळच्या निगडीचा एक तरुण फ्लाइट लेफ्टनंटही होता. अशा घरांचा विचार करून बघा. देह नाही, अवशेष नाहीत, कुठे पडलं तेही ठाऊक नाही. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याला नदीकाठी जायची रीत आहे, पण इथे मन कशावर ठेवायचं?

उत्तर मिळालं ते जानेवारी २०२४ मध्ये, साडेसात वर्षांनी. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयओटीनं, आपलं स्वयंचलित पाणबुडी-यान सुमारे ३,४०० मीटर खोलीवर पाठवलं होतं. आपल्याला इथून न्यू मार्केटला जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढंच, पण सरळ खाली. किनाऱ्यापासून सुमारे १४० सागरी मैलांवर सोनारला काहीतरी दिसलं, मग यानानं फोटो काढले आणि ते तपासल्यावर अवशेष एएन-३२ चेच असल्याचं कळलं. त्या भागात दुसरं कुठलं विमान पडल्याची नोंदच नव्हती.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. एकीकडे महिना, एकीकडे साडेसात वर्षं. खोलीचा फरक आहेच, पण मोठा फरक त्या छोट्याशा टिकटिकीचा. विमानाच्या किमतीपुढे असा बीकन म्हणजे किस झाड की पत्ती, असं आपल्याकडे म्हणतात ना, तसं. माझं म्हणणं एवढंच आहे: समुद्रावरून उडणारं प्रत्येक लष्करी विमान, मग ते लढाऊ असो की सामान नेणारं, हाक मारता येईल असंच हवं. जुनं विमान आहे, गुपित काही नाही, म्हणून त्यातल्या माणसांची किंमत कमी होत नाही.

गोव्यासमोरचे अकरा दिवस

सुट्टीत गोव्याला जाताना तुम्ही दाबोळी विमानतळावर उतरला असाल, तर तुमचं विमान खरं तर नौदलाच्या 'हंसा' या तळावर उतरलं होतं. याच तळाची मिग-२९के विमानं 'विक्रमादित्य' या विमानवाहू जहाजावरूनही उडतात. २६ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळी त्यातलं एक प्रशिक्षणाचं विमान अरबी समुद्रात कोसळलं. शिकणारा वैमानिक वाचला. प्रशिक्षक कमांडर निशांत सिंह सापडेनात.

तीन दिवसांत विमानाचे काही भाग मिळाले, म्हणजे यंत्राचा पत्ता लागला होता. तरी शोध थांबला नाही. युद्धनौका, विमानं, पाणबुडे, किनाऱ्यावरचे पोलीस, मच्छीमार, सगळे लागले होते. अखेर ७ डिसेंबरला, अकराव्या दिवशी, गोव्यापासून सुमारे ३० मैलांवर ७० मीटर खोल पाण्यात त्यांचा देह मिळाला. इथे कोणता प्रतिस्पर्धी देश टपून बसलेला नव्हता. आपल्या माणसाला घरी आणायचं, एवढंच कारण होतं, आणि ते पुरेसं होतं.

तरुण मंडळी, हे तुमच्यासाठी

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी सैन्यात जायचं म्हणाली की आपल्या डोळ्यांपुढे वैमानिक नाहीतर कमांडो येतो. पण या सगळ्या गोष्टींत विमान शोधणारी माणसं कोण होती बघा. सोनारचा आवाज वाचणारे, यंत्रमानव चालवणारे, जहाजं बांधणारे, समुद्रतळाचे नकाशे काढणारे. १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला 'निस्तार' हे जहाज नौदलात दाखल झालं. ते आपल्याच हिंदुस्थान शिपयार्डनं बांधलं आहे. त्यावरून पाणबुडे ३०० मीटरपर्यंत उतरू शकतात आणि दूरनियंत्रित यंत्र १,००० मीटरपर्यंत. 'निस्तार' म्हणजे सुटका, तारून नेणं. नाव शोभणारंच.

पण एएन-३२ जिथे सापडलं ती जागा याच्याही तिपटीहून खोल आहे. म्हणजे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि ते करायला समुद्रकिनारी जन्म घ्यावा लागत नाही. ध्वनीचं भौतिकशास्त्र, रोबोटिक्स, धातुशास्त्र, संगणक हे विषय आपल्या भोपाळातही शिकवले जातात.

आपल्या मंडळात सैन्यातून निवृत्त झालेले काका-आजोबा आहेत. त्यांच्यापैकी कुणी शोधमोहिमेत भाग घेतला असेल, तर मुलांनो, त्यांच्याकडून ती हकिगत ऐका आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापायला आनंदच वाटेल.

तोवर, नमस्कार!