कोळशाने रेखलेली स्मृती

भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थाच्या यात्रेला जाणाऱ्या कुटुंबांना चंद्रपूरचा मुलूख अपरिचित नाही. नागपूरहून निघालेली गाडी वरोरा मागे टाकून पुढे गेली, की खिडकीतून मातीचे उंच डोंगर दिसू लागतात. ते निसर्गाने घडविलेले नाहीत. खाणींतून उपसलेल्या मातीचे ते ढिगारे होत. "इथे कोळसा निघतो," असे वडीलधारी मंडळी मुलांना सांगतात आणि बोलणे पुन्हा तीर्थाकडे वळते.

त्या ढिगाऱ्यांच्या जागी पूर्वी काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आयुष्यभर विचारणारा एक कलावंत याच जिल्ह्याने दिला आहे. त्याचे नाव प्रभाकर पाचपुते.

राजुरा तालुक्यातील सास्ती हे वर्धा नदीकाठचे गाव. तेथे 1986 साली पाचपुते यांचा जन्म झाला. घरातील तीन पिढ्या कोळसाखाणींशी बांधलेल्या. या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली; पुढे 1973 साली देशातील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि उघड्या खाणींचा विस्तार होत गेला. भूमिगत खाण जमिनीखालून पोखरते. उघडी खाण मात्र वरचे शेत, विहीर, पांदण आणि झाड सारेच उचलून बाजूला ठेवते. कोळसा निघतो, मोबदलाही मिळतो. पण ज्या बांधावर बसून आजोबांनी नातवाला गोष्टी सांगितल्या, तो बांध कोणत्याही नकाशावर उरत नाही.

पाचपुते यांनी खैरागढ येथे शिल्पकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे बडोद्याला उच्च शिक्षण पूर्ण केले. चित्रासाठी त्यांनी निवडलेले साधन कोणते? कोळसाच. गावाने जे गमावले ते ज्याच्यामुळे गमावले, त्याच काळ्या रंगाने ते भिंतीवर माणसे रेखाटतात. त्या माणसांच्या धडावर कित्येकदा मस्तक नसते. त्याजागी एखादे अवजार, दिवा किंवा यंत्राचा भाग असतो. राबता राबता मनुष्य अवजारच होऊन जातो, हे सांगण्यास त्यांना शब्द लागत नाहीत.

या रेखाटनांच्या जोडीला ते हलती चित्रेही करतात. कोळशाच्या चलच्चित्राची रीत मोठी बोलकी आहे. एक चित्र काढावयाचे, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, थोडा भाग पुसून पुन्हा रेखाटावयाचे आणि पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. काही क्षणांच्या दृश्यासाठी अशी कितीतरी छायाचित्रे लागतात. पुसलेली रेघ मात्र पुरती जात नाही. तिची धूसर छाया पुढील चित्राखाली उरते. स्मृतीचे स्वरूप याहून वेगळे काय असते?

2012 साली मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. त्याचे नाव खाणीत नेल्या जाणाऱ्या कॅनरी पक्ष्यावरून घेतलेले होते. विषारी वायूची चाहूल कामगारांना लागावी म्हणून हा चिमुकला जीव पिंजऱ्यात घालून विलायती खाणींत उतरविला जाई. तो निपचित पडला, की माणसांनी बाहेर धावावयाचे. जीवदयेचा संस्कार असलेल्या वाचकास यावर अधिक सांगावयास नको. पुढे त्यांची मांडणशिल्पे साओ पावलो, कोची आणि व्हेनिस येथील द्वैवार्षिक प्रदर्शनांत मांडली गेली. वेल्समधील 'आर्टेस मुंडी' पुरस्कार 2021 साली सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत तेही होते. वेल्स हीदेखील खाणकामगारांचीच भूमी. सास्तीचे दुःख तेथे निराळे समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

जैन कुटुंबाने या कलेकडे का पाहावे? श्रावकाच्या सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. अंगारकर्म, वनकर्म आणि भूमी फोडण्याचे स्फोटकर्म ही त्यांतलीच. प्रतिक्रमणात ही नावे वर्षानुवर्षे उच्चारली जातात. पृथ्वीकायही जीव आहे, हे पाठशाळेतील लहान मूलही सांगते. तथापि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, आणि तेथील विजेवर दूरदूरच्या पेढ्या, कारखाने व मंदिरेही उजळतात. खाण खोदणारा हात आपला नसला, तरी दिवा आपला आहे.

व्यापारी माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: जिच्यात केवळ जमेची बाजू लिहिली जाते, तिला वही म्हणत नाहीत. कोळशाच्या टनांचा, विजेचा आणि नफ्याचा हिशेब चोख ठेवला जातो. गेलेल्या पांदणीचा, विहिरीचा आणि गावदेवाचा हिशेब कोण ठेवणार? शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात सूरजागडच्या पहाडावर लोहखनिज निघते. त्याच पहाडावर आदिवासी बांधव ठाकूरदेवाला पूजतात. तेथेही हाच प्रश्न उभा आहे. पाचपुते यांच्यासारखा कलावंत त्या वहीतील नावे बाजू लिहितो. ती वाचताना मन अस्वस्थ होते. पण नावे बाजू वाचून कोणता सचोटीचा व्यापारी सुखावला आहे?

भिंतीवर काढलेली अशी चित्रे प्रदर्शन संपल्यावर पुसली जातात. अनित्य भावना शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु अनित्यता म्हणजे विस्मरणाची मुभा नव्हे. दोष आठवल्यावाचून प्रतिक्रमण होत नाही. 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणावयाचे तर काय घडले, हे आधी ठाऊक असावे लागते.

पुढच्या यात्रेत वरोऱ्याच्या पुढे ते मातीचे डोंगर दिसतील, तेव्हा मुलांना "इथे कोळसा निघतो," एवढेच सांगून थांबू नये. "इथे पूर्वी एक शेत होते," हेही सांगावे.