बरणी तीच, चिठ्ठी नवी



आमच्याबद्दल घरात एक तक्रार कायमची आहे. आम्हाला बदल सोसत नाही म्हणे. मुले म्हणतात, अब्बांना नवा मोबाईल दिला तरी ते जुन्याचाच चार्जर शोधत बसतात. आमचे म्हणणे असे की बदलाशी आमचे वैर नाही. लोणचे बदलले असेल तर बरणीवरची चिठ्ठी जरूर बदला. लोणचे तेच, बरणी तीच, आणि दर वर्षी फक्त चिठ्ठी नवी, हा प्रकार आम्हाला सोसत नाही. या महिन्यात त्याबद्दलच चार गोष्टी बोलू. शाळा, सिनेमा, राजकारण आणि शेवटी आपले घर. पटले तर ठेवा, नाही तर रद्दीत घाला.

सुरुवात शाळेपासून, कारण आमची रोटी तिथली आहे.

२०२३च्या जूनमध्ये पाठ्यपुस्तकांत कोरी पाने आली. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून एका वर्षाची पुस्तके चार भागांत विभागली आणि धड्यांच्या मध्ये टिपणासाठी कोरी पाने घातली. हेतू चांगला होता. पण मुलांनी वह्या आणायच्या थांबवल्या नाहीत, कारण तेवढ्या पानांत अभ्यास मावत नव्हता. पुस्तक जाड झाले आणि वही होतीच. दोन वर्षांनी सरकारने पाने काढून टाकली आणि गाडी होती तिथे आली.

मग गणवेश. २०२४-२५मध्ये ठरले की सगळ्या राज्यात एकच गणवेश, कापड एकाच ठिकाणाहून येणार आणि शिलाई बचत गटांतल्या बाया करणार. बायांना काम मिळावे हे कुणालाही पटेल. पण सहा वर्षांच्या पोराचे माप मोहल्ल्यातला दर्जी घेतो, तेव्हा तो पोराला समोर उभे करतो. मंत्रालयातून माप घेता येत नाही. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोचले नाहीत आणि पोचले त्यांतले कितीतरी अंगाला बसेनात. डिसेंबरमध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेला, म्हणजे आधी होता तिथेच.

तिसरी गोष्ट २०२५ची. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची, जूनच्या मध्यावर सक्तीचा शब्द काढून पुन्हा हिंदीच, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द. महाराष्ट्रभर रान पेटले. उर्दू शाळेतले आम्ही मात्र जरा गालात हसलो. आमची पोरे पहिल्यापासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा, तीन लिप्यांत शिकतात. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि दोन डावीकडून उजवीकडे. त्यांच्या या कसरतीबद्दल कुणी कधी परिषद भरवली नाही की मोर्चा काढला नाही.

आता उलट उदाहरण सांगतो, नाही तर आम्ही नुसते कुरकुरे ठरू. २०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले आणि राज्यभर हसू झाले. विधिमंडळातसुद्धा नावांवर कोट्या झाल्या. आम्ही हसलो नाही. वर्गात उभे राहणाऱ्याला ठाऊक असते की 'सत्त्याण्णव' ऐकून मूल आधी सात लिहिते आणि मग नऊ. कारण आपण बोलताना सात आधी बोलतो आणि लिहिताना नऊ आधी लिहितो. उर्दूतही तीच गत, 'सत्तानवे'. त्यात 'एकोणपन्नास' म्हणजे पन्नासाला एक कमी, आणि उर्दूत 'उनचास', तेही तसेच. इंग्रजीत, तेलुगूत, कन्नडमध्ये दशक आधी येते. म्हणजे या बदलामागे कारण होते आणि ते लेकराच्या अडचणीतून आलेले होते. पद्धत पटो न पटो, प्रश्न खरा होता. ज्या बदलाला कारण होते त्याचीच आपण सर्वांत जास्त टिंगल केली.

सिनेमाचेही असेच आहे.

'मुग़ल-ए-आज़म' १९६०चा. के. आसिफ यांनी त्यातला शीशमहलचा प्रसंग तेव्हाच रंगीत केला होता, बाकी चित्रपट बहुतेक कृष्णधवल. २००४मध्ये तो पूर्ण रंगवून पुन्हा लागला. आमचे काही दोस्त नाराज झाले, जुन्या इमारतीला ऑइलपेंट फासला म्हणाले. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही. ज्याने स्वतः काही रिळे रंगीत केली, त्याच्या मनात रंग होताच. आणि पृथ्वीराज कपूर यांचा आवाज, दिलीपकुमारांचे ते गप्प राहणे, मधुबालेची नजर, यांना कुणी हात लावला नाही. नव्या पोरांनी रंगामुळे का होईना चित्रपट पाहिला. चालेल.

'उमराव जान'चे मात्र तसे नाही. मिर्झा हादी रुसवा यांच्या कादंबरीवर मुझफ्फर अली यांनी १९८१मध्ये चित्रपट केला. खय्याम यांचे संगीत आणि रेखा यांचा अभिनय, दोन्हीही लोकांच्या मनातून गेलेले नाहीत. पंचवीस वर्षांनी, २००६मध्ये, तीच गोष्ट पुन्हा काढली. नटी नवी, संगीतकार नवा, दागिने जास्त. आमचा प्रश्न एवढाच की यात पहिल्यात न सांगितलेले काय सांगितले? पडदा उघडला, पडदा पडला, उत्तर मिळाले नाही.

सिनेमात जो बदल हवा होता तो मात्र फार थोडा झाला. एक काळ होता 'चौदहवीं का चाँद', 'मेरे मेहबूब', 'पाकीज़ा' यांचा. त्यांत मुसलमान म्हणजे लखनौ, शेरवानी, झुंबर आणि एक उसासा. नंतर मुसलमान म्हणजे नायकाचा जिवाला जीव देणारा दोस्त, जो मध्यंतरानंतर मरणारच. आणि मग हातात बंदूक आली. नवाब असो, दोस्त असो की बंदूकवाला, तिघांपैकी कुणीही आमच्या गल्लीत राहत नाही. आमच्या गल्लीत बागवान आहेत, अत्तार आहेत, तांबोळी आहेत, पिंजारी आहेत, आणि हप्ते फेडणारे मास्तर आहेत. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'मध्ये बलराज साहनी यांनी आग्र्याचा बूट बनवणारा सलीम मिर्झा उभा केला. सईद मिर्झा यांनी 'नसीम'मध्ये कैफी आझमींना आजोबा केले आणि एका साध्या घरातली आजोबा-नातीची माया दाखवली. असे चित्रपट बोटांवर मोजावेत एवढेच. जुन्या गोष्टी पुन्हा रंगवायला पैसा मिळतो. पानाच्या ठेल्यावर बसून मुलीच्या बारावीच्या निकालाची वाट पाहणारा बाप पडद्यावर यायला अजून सवड मिळत नाही.

आता राजकारण. घाबरू नका, कुणाला मत द्या हे आम्ही सांगणार नाही. ते आमच्या घरातही कुणी आम्हाला विचारत नाही.

औरंगाबादचे नाव २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. या शहराने नावे पुष्कळ पाहिली. १६१०मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. त्याच्या मुलाच्या नावावरून ती फतेहनगर झाली. मग औरंगाबाद. आता हे. संभाजीराजांबद्दल आदर असायला आम्हाला कुणाचा शासन निर्णय लागत नाही. नाव बदलले तेव्हा कुणी पेढे वाटले, कुणी डोळे पुसले. पण पेढे वाटणाऱ्याच्या आणि डोळे पुसणाऱ्याच्या, दोघांच्याही नळाला पाणी काही दिवसांआडच आले. याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने जमिनीखालून नहर काढून घरोघर पाणी पोचवले होते. त्याने नाव दिले ते राहिले नाही. त्याने पाणी दिले ते मात्र आजही लोकांना सांगावे लागते.

राजकारणात चिठ्ठी बदलणे स्वस्त असते. लोणचे घालायला कैरी लागते, मीठ लागते, उन्हात ठेवायचा धीर लागतो. २००६मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. शिक्षण, नोकरी, कर्ज यांत आपण कुठे आहोत हे त्यात आकड्यांनिशी मांडले. मग महाराष्ट्राने महमूदुर रहमान समिती नेमली, तिनेही अहवाल दिला. २०१४च्या जुलैमध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या भागाला स्थगिती दिली पण शिक्षणातला भाग राहू दिला. तोवर सरकार बदलले होते आणि अध्यादेशाची मुदत तशीच सरली. नंतर सरकारे आली, गेली, फुटली, जुळली. पक्षांची चिन्हे बदलली, कोण कुठल्या पक्षात हे सांगायला सकाळचा पेपर पुरेना. एवढ्या उलथापालथीत ती पाच टक्क्यांची फाईल मात्र कुणाला हलवता आली नाही. जिथे बदल हवा तिथेच आपल्याकडे परंपरा जपली जाते.

सरकारवर तोंडसुख घेणे सोपे. आता आपल्याच अंगणात या.

अलीकडे कुणी 'रमजान मुबारक' म्हटले की कुणीतरी तरुण दुरुस्त करतो, 'रमदान म्हणा, रमजान चूक आहे.' आम्ही उर्दूचे मास्तर, म्हणून सांगणे भाग आहे. त्या शब्दात 'ज़्वाद' हे अक्षर आहे. अरब त्याचा उच्चार एक प्रकारच्या जड 'द'सारखा करतात. फारसीत आणि उर्दूत तो 'ज़' होतो, आजचा नाही, कित्येक शतकांचा. आणि हेच अक्षर मराठीत किती शब्दांत बसले आहे पाहा. जिल्हा, कर्ज, अर्ज, मर्जी, हजर, काजी, फर्ज, एवढेच काय, सातबाऱ्यावरचा 'मौजे'सुद्धा. आता दुरुस्ती करायचीच तर सगळीकडे करा. तहसील कचेरीत जा आणि म्हणा, 'साहेब, कर्दासाठी अर्द आणला आहे, दिल्ह्याला पाठवा.' साहेब तुम्हाला हादिर नव्हे, हद्दपार करतील.

'खुदा हाफिज'चेही तसेच. खुदा शब्द फारसी म्हणून गेल्या काही दशकांत अनेकांनी 'अल्लाह हाफिज' सुरू केले. म्हणा, सुंदरच दुआ आहे. पण जो 'खुदा हाफिज' म्हणतो त्याला टोकू नका. नमाज आणि रोजा हे शब्दही फारसीच आहेत. आमच्या दादी आयुष्यभर 'खुदा हाफिज' म्हणाल्या, आणि ज्याला सांगत होत्या त्याला ते समजत होते यात आम्हाला तीळमात्र शंका नाही. सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडचा शब्द काढून घेऊन आपण दीनची कोणती खिदमत करतो? तिला फक्त एवढेच कळते की आपल्याच घरात आपण चुकीचे ठरलो.

आणि लग्ने. मेहंदी होती, ठीक. आता पिवळ्या कपड्यांचा वेगळा दिवस, त्याचे वेगळे फोटो, लग्नाआधी समुद्रावर जाऊन नवरा-नवरीचे वेगळे चित्रीकरण, आणि डोक्यावर घोंगावणारा ड्रोन. निकाह तेवढाच, कबूल तीनदाच. वाढला तो फक्त खर्च, आणि तो फेडणारा बाप जुनाच. आम्ही असे बाप शाळेत पाहतो. थोरलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असते आणि धाकटीची फी भरायला ते मुदत मागायला येतात. ती फी राहिली की धाकटी दहावीनंतर घरी बसते.

खरा बदल तिथे हवा आहे. उर्दू शाळेतून दहावी झालेली हुशार मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि पहिल्या महिन्यात गप्प होते. तिला विषय येत असतो, फक्त शब्द अनोळखी असतात. 'मुसल्लस' तिला पाठ आहे, समोर फळ्यावर 'ट्रँगल' आहे. ती समजते की आपल्याला काही येत नाही, आणि घरचेही तेच समजतात. आम्ही वर्गात आठवीपासून फळ्यावर तीन शब्द लिहितो, मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. ज़ाविया, कोन, अँगल. याला निधी लागत नाही, समिती लागत नाही, खडू तेवढाच लागतो. अकरावीत गेलेल्या मुली भेटल्या की सांगतात, सर, तो शब्द ओळखीचा निघाला. एवढ्याशा गोष्टीने एक मुलगी वर्गात टिकते.

म्हणून कुठलाही बदल दारात आला की आम्ही त्याला तीन प्रश्न विचारतो. कुणाची अडचण दूर करायला आलास? तुझा खर्च कोण भरणार? आणि तू आलास तर कुणाला कमीपणा येणार? पहिल्याचे उत्तर नीट मिळाले तर आम्ही खुर्ची देतो. नाही मिळाले तर चहा पाजून निरोप देतो.

तुमच्याही घरात या वर्षी काहीतरी बदलायचे ठरत असेल. फर्निचर, मुलांची शाळा, नाही तर लग्नाचा हॉल. हे तीन प्रश्न एकदा दस्तरखानावर सगळ्यांसमोर विचारून पाहा. आणि घरात आठवी-नववीतले मूल असेल तर आज रात्री त्याचे गणिताचे पुस्तक उघडा, दहा शब्द तीन भाषांत लिहून भिंतीवर चिकटवा. हा बदल फुकट आहे.

खुदा हाफिज. ज्यांना अल्लाह हाफिज म्हणायचे त्यांनी तसे वाचावे.