आमची नदी निळी नसते

घरशाळा करणाऱ्या पालकांचे रील्स बघत असाल, तर 'माझा परिसर' नावाची वही तुमच्या नजरेखालून गेली असणारच. जाड कागद, मधमाशीच्या मेणाचे खडू, चारी बाजूंनी वेलबुट्टी. मधोमध निळीशार नदी, काठाला गोल गोल हिरव्या टेकड्या आणि खाली वळणदार अक्षरात नदीचं नाव. वही देखणी असते, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण त्या निळ्या रंगाशी आहे. जुलैमधली पंचगंगा कोणत्या रंगाची असते, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. दूध कमी पडलेल्या चहाचा रंग. उन्हाळ्यात खालच्या अंगाला जलपर्णी माजली की हिरवी. निळी ती फक्त वहीत असते.

'लहान मूल आहे, काढू दे की त्याला हवी तशी' असं कुणी म्हणेल. मुलानं स्वतःहून निळी काढली तर माझी काही हरकत नाही. पण ती निळी नदी बऱ्याचदा मुलाची नसते. ती परदेशातल्या एखाद्या नमुना-वहीतून, पीडीएफमधून, नाहीतर किटमधून आलेली असते. आणि त्या सगळ्याला 'वॉल्डॉर्फ पद्धतीचा स्थानिक भूगोल' असं म्हणतात. स्थानिक! कुठल्या स्थळाचा?

ही पद्धत मुळात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पद्धतीवर माझा राग नाही. १९१९ साली जर्मनीत श्टुटगार्टमध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. मालक एमिल मोल्ट. त्यानं कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आणि ती उभारायला रुडॉल्फ श्टायनर यांना बोलावलं. कारखान्यातल्या कामगारांची मुलं, हे लक्षात असू द्या. आज तेच नाव लावून महागडे खडू विकले जातात.

त्या शाळेत नऊ-दहाव्या वर्षी एक विषय सुरू होतो, 'हाइमाटकुंडे'. म्हणजे आपल्या गावाची, मुलखाची ओळख. त्याआधी नकाशा नाही, फक्त गोष्टी. मग मुलानं आपलं टेबल वरून कसं दिसेल ते काढायचं. नंतर खोली, घर, गल्ली. सूर्य कुठून उगवतो ते बघून दिशा लावायच्या. तिथून पुढे खरा प्रश्न येतो: गाव इथंच का वसलं? पाणी कुठून येतं, लोक काय काम करतात, पिकतं काय आणि विकलं कुठं जातं? भूगोल शिकवायची याहून चांगली वाट मला तरी माहीत नाही. राजधान्यांची नावं पाठ करून जे कधीच कळत नाही ते इथं कळतं.

आता हाच प्रश्न कोल्हापूरला विचारून बघा. उत्तरांचा ढीग पडेल. पंचगंगा म्हणजे पाच नद्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत दाखवता येतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. नऊ वर्षांच्या पोराला एवढं सांगून गप्प बसा. पाचवीचा शोध ते आठवडाभर घेईल. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना त्याला सांगा की या ओट्यांच्या जागी तळं होतं. गांधी मैदानात पाऊस पडला की पाणी का तुंबतं? कारण ते वरुणतीर्थ आहे, मैदान आपण नंतर म्हणायला लागलो. आपण ज्याला जयंती नाला म्हणतो ती जयंती नदी. नदीचा नाला कधी आणि कुणी केला, हा धडा कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा मोठा आहे.

आणि कोल्हापुरी बंधारा! अख्ख्या महाराष्ट्रात ज्याला आपल्या जिल्ह्याचं नाव आहे, त्याचं काम कसं चालतं हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की खाचांमधून बरगे सोडायचे, दोन रांगांत, आणि मधल्या फटीत माती ठासायची. पाणी अडतं, उसाला मिळतं. पुढच्या पावसाआधी बरगे काढायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. परसात चिखल, विटा आणि आईस्क्रीमच्या काड्या घेऊन मूल हे एका दुपारी उभं करू शकतं. हाताला काम, डोक्याला कोडं, वर थोडा इतिहास. वॉल्डॉर्फवाल्यांना आणखी काय हवं असतं? राधानगरी धरणाचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते काम, तो तर वेगळ्या महिन्याचा विषय आहे.

याउलट बऱ्याच घरशाळांच्या कोपऱ्यात 'ऋतूंचं टेबल' असतं आणि त्यावर ऑक्टोबरात वाळकी लाल पानं मांडलेली असतात. ऑक्टोबरात आमच्याकडे ऊन चटके देतं आणि ऊस तोडायच्या तयारीत असतो. इथल्या शेतकऱ्याचा पाऊस नक्षत्रांवर चालतो. रोहिणी, मृग, आर्द्रा. मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन, कधी बेडूक, कधी कोल्हा. एवढी गोष्ट घरात पडून असताना बुटके आणि ओकची पानं मागवायची म्हणजे कमाल आहे. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला हजारो मिलिमीटर पाऊस आणि शंभरेक किलोमीटरवर शिरोळला त्याच्या कितीतरी पटीनं कमी. आणि पुरानं बुडतं कोण? कमी पावसाचं शिरोळ. हे का, याचं उत्तर ज्या मुलाला शोधता आलं त्याला नदी कळली.

इथून पुढचं मात्र काही मित्रांना टोचेल. टोचू दे.

श्टायनर यांच्या विचारात सात ते चौदा या वयात मुलाला जग 'सुंदर' म्हणून भेटावं असं आहे. त्याचा अर्थ आपल्याकडे सोयीनं लावला जातो: पूर नको, घाण नको, मोठं झाल्यावर बघू. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारवाड्यातली नऊ वर्षांची पोरगी त्या रात्री गाठोडं घेऊन बाहेर पडते, चिखलीची माणसं जनावरं सोडून सोनतळीकडे निघतात. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमचं 'सुंदर' जगाचं वय संपलं का. पूर ज्यांच्या घरात येतो त्यांच्या मुलांना भूगोल आपोआप येतो. ज्यांच्या घरात येत नाही त्यांच्यापासून तो लपवायचा आणि त्याला बालमानसशास्त्र म्हणायचं, हे मला मान्य नाही. पुराची गोष्ट न घाबरवताही सांगता येते. आपल्या आज्या तेच करत आल्यात.

घरशाळेची खरी अडचण इथं आहे, आणि ती खडूंची नाही. गाव समजतं ते गावातल्या माणसांकडून. बऱ्यावाईट कुठल्याही वर्गात टेंबलाईच्या टेकडीकडचा एक आणि कुंभार गल्लीतला एक, असे दोघं शेजारी बसण्याची निदान शक्यता असते. पुराच्या आठवड्यात एक शाळेत येत नाही आणि दुसरा विचारतो, का? तिथं नकाशाला उंची मिळते. घरी शिकणाऱ्या मुलाचा नकाशा आईबाबांच्या ओळखी जिथं संपतात तिथं संपतो. महागड्या शाळांची मुलं बसच्या काचेतून गाव बघतात, त्यांचंही फार वेगळं नाही, हे मान्य. पण ती सबब झाली.

मुलखाच्या प्रेमाची आणखी एक बाजू आहे. 'हाइमाट' हा शब्द पुढे नाझींनाही फार आवडला. वॉल्डॉर्फ शाळा त्यांनी बंद पाडल्या हे खरं, पण श्टायनर यांच्या स्वतःच्या लिखाणात वंशांची उतरंड आहे, हेही खरं. म्हणून 'आपली माती' शिकवताना त्या मातीत राबणारे बाहेरचे लोक वहीत आले पाहिजेत. बीडहून येणारी ऊसतोड कुटुंबं, शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे उत्तरेकडचे कामगार. ज्या कोल्हापुरी चपलेवर आपण छाती फुगवतो तिचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. चपलेला सीमा कळत नाही. नदीलाही नाही, ती नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे कर्नाटकात जाते.

एवढं करायला श्टुटगार्टला जायची गरज आहे का? लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये याच शहरात 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. मराठीत, मुलांच्या अनुभवापासून सुरुवात करून. सरकारी पुस्तकांची आपण टिंगल करतो, पण तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक काढायची कल्पना बालभारतीची आहे. पुस्तक रुक्ष असेल, मुद्दा तोच आहे. आणि ते तुमच्या खडूंच्या एका डबीपेक्षा स्वस्त आहे.

माझी मागणी साधी आहे. यंदा मृग लागायच्या आधी मुलाला राजाराम बंधाऱ्यावर न्या, पाणीपातळीची पट्टी बघू द्या. पाऊस सुरू झाल्यावर रोजचा आकडा त्यानं घरी भिंतीवर लिहावा. सुतारवाड्यात किंवा कुंभार गल्लीत जाऊन २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठपर्यंत होतं ते तिथल्या मुलांना दाखवायला सांगा. शिकवायचं काम त्या दिवशी ती मुलं करतील, तुमचं मूल ऐकेल. जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून विचारा, महिन्यातून एक शनिवार आमची चार मुलं तुमच्या चौथीबरोबर नकाशा काढायला बसली तर चालेल का? नाही म्हणाले तर दुसऱ्या शाळेत विचारा. आणि मुलानं वहीत पंचगंगा रंगवायला घेतली की खडूंच्या डबीत मातकट रंग आहे का, तेवढं बघून ठेवा.