आम्ल घटले, हेतू उरला

व्रणाचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा औषधांची पिशवी घेऊनच. तीत पॅन्टोप्राझोल असते, एखादे द्रव अम्लनाशक असते आणि तळाशी गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टीही असते. यांतील आम्लावर सर्वांत प्रभावी औषध कोणते, असे वैद्यबंधू व औषधविक्रेते आम्हांस वारंवार विचारतात. त्याचे उत्तर कठीण नाही.

अम्लनाशके स्रवलेले आम्ल तेवढ्यापुरते निष्प्रभ करतात. १९७६ मध्ये आलेले सिमेटिडीन व १९८१ मधील रॅनिटिडीन हिस्टामिनचा मार्ग अडवितात. रात्रीच्या आम्लावर त्यांचा गुण चांगला, भोजनोत्तर आम्लावर कमी. शिवाय सलग सेवनाने तो उणावतो. १९८८ मधील ओमेप्राझोल व त्याच कुळातील पॅन्टोप्राझोल आम्ल स्रवणारा पंपच बंद करतात; म्हणून व्रणरोपणात ती सरस ठरली. हे पंप आहाराने जागृत होतात, यास्तव गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावी. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए ही अशुद्धी आढळल्यावर अमेरिकेत २०२० मध्ये ते बाजारातून काढावयास लावले गेले. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतूनही २०२२ मध्ये ते वगळले गेले.

आपल्या औषधांनाही हाच न्याय लावला पाहिजे. शंख, प्रवाळ व कपर्दिक भस्म प्रामुख्याने कॅल्शियमचीच होत. त्यांच्या उपशयाचा काही भाग तरी अम्लनाशकाचाच आहे. यष्टिमधूचा आमाशयव्रणातील गुण रेव्हर्स या डच वैद्याने १९४६ मध्ये नोंदविला, आणि शोथही नोंदविला. पुढे यष्टिमधूपासून सिद्ध केलेले कार्बेनॉक्सोलोन व्रणावर वापरले गेले. तेही रक्तदाब वाढविते, पोटॅशियम घटविते म्हणून मागे पडले. द्रव्य गुणवान आहे, निर्दोष नव्हे.

परंतु मूळ प्रश्नच अपुरा आहे, असे आमचे मत आहे. १९८२ मध्ये वॉरेन व मार्शल यांनी आमाशयातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक व्रणांचे हेतू दोनच: हा जंतू आणि वेदनाशामके. केवळ आम्ल घटवून भरलेला व्रण हेतू कायम असता पुन्हा उद्भवतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपणच शिकतो. येथे मात्र तीच आपण विसरतो.

याची किंमत आमच्या एका रुग्णाने मोजली. वाळूजच्या कारखान्यातील हा गृहस्थ हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेत असे. कामदुधेने दाह शमला म्हणून आम्ही त्याचे पॅन्टोप्राझोल बंद केले. ॲस्पिरिन चालूच होते. काही आठवड्यांत मल डांबरासारखा काळा झाला आणि त्यास रुग्णालयात रक्त द्यावे लागले. दाह नसणे म्हणजे व्रण नसणे नव्हे, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

म्हणून वैद्यबंधूंस विनंती की, प्रत्येक रुग्णास वेदनाशामकाविषयी विचारावे. जंतूची श्वास वा मलपरीक्षा करवावी. तीपूर्वी ही पंपरोधक औषधे दोन आठवडे बंद असावी लागतात, परंतु ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ती हृदयतज्ज्ञांच्या संमतीविना बंद करू नयेत. जंतू आढळल्यास प्रतिजैविकांच्या पूर्ण क्रमासाठी रुग्णास निःसंकोच पाठवावे. काळा मल, रक्तवमन, वजन घटणे, गिळताना अडथळा या लक्षणांत एकही दिवस दवडू नये. हेतू दूर होऊन व्रण भरल्यावर मात्र पंपरोधक वर्षानुवर्षे चालवू नये; ते एकाएकी थांबविल्यास आम्ल उसळते, म्हणून हळूहळू कमी करावे. त्या काळात पथ्य, शतावरी व आमलकी यांना खरा अवसर आहे.

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय पॅन्टोप्राझोलची पट्टी मागणाऱ्यास एवढेच विचारावे : "ही गोळी किती दिवस घेत आहात? सोबत दुखण्याची गोळी घेता काय?" या दोन प्रश्नांनी एखाद्याचा रक्तस्राव टळेल.