सायकल चालवून पोट भरतं का?



जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या जिल्ह्यात झाली. एकूण ४३७ किलोमीटर, आणि मार्गात आपला भोर-राजगडचा भागही. देशोदेशीचे सायकलपटू याच रस्त्यांवरून गेले. तेव्हापासून आमच्या आंबवडे परिसरातल्या पोरांच्या तोंडी एकच विषय आहे. ‘मोठेपणी कोण होणार’ या निबंधात पोलीस आणि फौजी यांच्या जोडीला आता सायकलवालाही आला. आणि पालकांचा प्रश्नही ठरलेला, "बाई, सायकल चालवून कुठं पोट भरतं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. ज्याच्या घरी दोन एकर भातशेती आहे, त्या बापाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मात्र आपण शिक्षकांनी त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. "मेहनत कर, यश मिळेल" हे काही उत्तर नव्हे.

आधी हा व्यवसाय चालतो कसा ते पाहू. रस्त्यावरची सायकल शर्यत हा जगात रीतसर पगारी पेशा आहे. खेळाडू एखाद्या संघाशी करार करतो. संघांच्या तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वर वर्ल्ड टूर, मग प्रो टीम आणि खाली कॉन्टिनेन्टल. वरच्या दोन पायऱ्यांवर पुरुषांना किमान पगार ठरलेला आहे, खालच्या पायरीवर तशी हमी नाही. महिलांच्या सर्वात वरच्या संघांना किमान पगाराची अट लागू झाली ती २०२० मध्ये. म्हणजे मुलींसाठी हे दार आत्ता कुठं उघडलंय.

सगळ्यात मोठी शर्यत म्हणजे टूर दी फ्रान्स. १९०३ साली सुरू झालेली. तीन आठवडे, २१ टप्पे, सुमारे ३,४०० किलोमीटर. प्रत्येक संघात आठ जण असतात, पण जिंकायचं असतं एकाला. बाकीचे सात जण पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर स्वतःचं चाक काढून म्होरक्याला देतात. पुढच्याच्या आडोशाने चालवलं की मागच्याची बरीच ताकद वाचते. म्हणून बहुतेक सायकलपटूंची सगळी कारकीर्द दुसऱ्याला जिंकवण्यात जाते आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचं शर्यतीचं आयुष्य संपतं. हे सगळं मुलांना सांगा. फक्त विजेत्याचा फोटो दाखवू नका.

आजवर एकही भारतीय टूर दी फ्रान्समध्ये उतरलेला नाही. मग इतर गरीब, डोंगराळ देशांतली पोरं तिथं कशी पोचली?

कोलंबियातला नैरो किंताना हा शेतकऱ्याचा मुलगा. शाळा घरापासून सुमारे १६ किलोमीटर, रस्ता डोंगराचा. वडिलांनी जुनी सायकल घेऊन दिली, त्यावर तो शाळेला जायचा. गणिताच्या तासाला हे उदाहरण घेऊन बघा. रोज जाऊन-येऊन ३२ किलोमीटर, शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ६,४०० किलोमीटर! त्याने पुढे २०१४ मध्ये जिरो दी इतालिया आणि २०१६ मध्ये स्पेनची व्हुएल्टा जिंकली. आफ्रिकेतल्या छोट्या इरिट्रिया देशाच्या बिनियाम गिरमाय याने २०२४ च्या टूर दी फ्रान्समध्ये तीन टप्पे जिंकले आणि हिरवी जर्सी मिळवली.

पण नुसता डोंगर आणि गरिबी असून कुणी सायकलपटू होत नाही. तसं असतं तर आंबाडखिंड आणि वरंधा घाटाच्या आपल्या मुलखातून दहा-वीस जण केव्हाच निघाले असते. कोलंबियात आणि इरिट्रियात सायकलची आवड गावागावांत मुरलेली आहे. तिथं लहान वयापासून शर्यती असतात आणि चांगल्या पोरावर कुणाची तरी नजर पडते. वरच्या संघाकडे जाणारी वाट तिथं आहे.

आता आपल्याकडे बघा. मुंबई-पुणे सायकल शर्यत जुनी आणि नावाजलेली. खंडाळ्याचा बोरघाट (आपलं भोर नव्हे) सर्वात आधी चढणारा ‘घाटाचा राजा’. या शर्यतीत रेल्वे आणि सेनादलाचे सायकलपटू वर्षानुवर्षं पुढे दिसतात. का? कारण तिथं नोकरी आहे, खुराक आहे, सराव आहे. आपल्याकडे सायकलपटूची कारकीर्द म्हणजे बहुतेक वेळा खेळाच्या जोरावर मिळालेली सरकारी नोकरी. त्यात कमीपणा काहीच नाही. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे किती पालकांना माहीत आहे?

दुसरी वाट डॉक्टरांची. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू. अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ शर्यत त्यांनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. अभिमानच आहे. पण आधी पेशा, मग सायकल असा हा क्रम आहे. वाडीवरच्या पोराला तो झेपणारा नाही.

तिसरी वाट मात्र आपल्या पोरांच्या जवळची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावची पूजा दानोळे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाली आणि २०२० च्या गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदकं घेऊन आली. खेड्यातली मुलगी, सरकारी प्रबोधिनी आणि राष्ट्रीय पदक. वाट अरुंद आहे, पण आहे.

मग अडतं कुठं? माझ्या मते वय वर्षं बारा ते पंधरा इथं. चौथीपर्यंत आमची पोरं सायकलवर भन्नाट असतात. चढाला उभं राहून पॅडल मारतात, उतारावर ओरडत येतात. पुढे मुलाला लायसन नसतानाच घरची मोटारसायकल मिळते. मुलीला "आता मोठी झालीस" म्हणून सायकलवरून उतरवलं जातं. किंताना ज्या वयात रोज घाट चढत होता, त्याच वयात आपण आपल्या लेकरांची सायकल बंद करतो. प्रशिक्षक, महागडी सायकल, स्पॉन्सर या गोष्टी फार नंतरच्या.

म्हणून माझं सांगणं साधं आहे.

पालकहो, दहावी होईपर्यंत सायकल काढून घेऊ नका, मुलींची तर नाहीच. गिअरची सायकल नसली तरी चालेल. ब्रेक चांगले आणि डोक्यावर हेल्मेट एवढं पाहा. आणि खेळासाठी शाळा सोडू देऊ नका. पाय मोडला तर हातात दहावी-बारावी पाहिजे.

शिक्षक मित्रांनो, शालेय क्रीडा स्पर्धांत सायकलिंग हा खेळ आहे. आपण मात्र कबड्डी, खो-खोची नावं पाठवतो आणि थांबतो. पुढच्या वर्षी माध्यमिकच्या सरांशी बोलून एक तरी नाव पाठवू या. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीला सोबत घेऊन रविवारी सकाळी तासभर एखादा आतला रस्ता बंद करता येतो. त्यावर केंद्रातल्या शाळांची शर्यत लावा. घड्याळ लावून वेळ लिहून ठेवा. तीन वर्षं तीच मुलगी पुढे येत असेल, तर प्रबोधिनीच्या निवड चाचणीची चौकशी आपणच करायची. आईबापाला ती माहिती कुठून मिळणार?

सायकल चालवून पोट भरतं का? शंभरातल्या एखाद्याचं कदाचित भरेल, तेही बहुधा नोकरीच्या रूपाने. बाकी नव्याण्णव जणांना धडधाकट शरीर मिळेल, आणि मुलींना स्वतःच्या पायावर शाळेत जायची मोकळीक. माझ्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा नाही. तुमच्या शाळेत काय अनुभव आहे, जरूर कळवा.